न केलेल्या सहीची वाटणी

मी, मोजणी खात्यात बत्तीस वर्षे साखळी ओढून निवृत्त झालेला इसम, वय शहात्तर, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्या मागची व्यवस्था लेखनिकाकडून लिहून घेत आहे. गुडघे कामातून गेले असले तरी डोके जागेवर आहे. ज्याला शंका असेल त्याने समोर यावे, सत्तावीसचा पाढा म्हणून दाखवतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे आधीचे रद्द करण्याचा त्रास नाही.

एक. राहते घर, दोन खोल्या व ओसरी. या घराचे सगळे कोपरे काटकोनात आहेत. गावात असे दुसरे घर नाही. गवंडी माझ्या किटकिटीला कंटाळून तीनदा काम सोडून गेला होता, पण भिंत सरळ करून गेला. हे घर माझ्या मुलाला. तो खाणीच्या ट्रकवर चालक आहे. घराला एक अट आहे, ती कलम चारमध्ये.

दोन. माझी स्वतःची साखळी व निशाणाच्या दोन काठ्या गावच्या शाळेला. पोरांना लांबी-रुंदी फळ्यावर शिकवू नये, मैदानात शिकवावी. ओळंबा शेजारच्या सुताराला. त्याने तो अकरा वर्षांपूर्वी मागून नेला आहे, तेव्हा पोहोचवण्याची दगदग नाही.

तीन. माझ्या मुलीचा मोजणीचा दोर. हे कलम लांबेल, वाचणाऱ्याने दम धरावा.

माझ्या मुलीला सारा गाव मोजणीबाई म्हणत असे. गावाचे चराऊ रान खाणीने हळूहळू गिळले, हद्दीचे दगड एकशेचाळीस पावले आत सरकवले. ज्यांनी दगड राखायचे त्यांनीच ते सरकवू दिले. कुंपणच शेत खायला लागले तर दाद कोणाकडे मागायची? ती म्हणाली, "आप्पा, आपण मोजू." तिने एका दोरावर सगळे रान मोजले. पुढे सरकारी मोजणी झाली तेव्हा दोन्हींत वीतभरही फरक निघाला नाही. त्या दिवशी मी दोनदा जेवलो.

गावाला तिने आणखी एक सवय लावून दिली. पाण्याच्या पाइपाचा कागद म्हणून म्हाताऱ्यांनी अंगठे दिले होते, तो खाणीचा करार निघाला. तेव्हापासून तिचा नियम झाला: कागद उभ्याने, मोठ्याने, तिघांसमोर वाचायचा, मगच अंगठा.

रानाच्या हद्दीच्या सुनावणीला चार दिवस राहिले असताना ती खाणीच्या पाण्यात सापडली. चौकीच्या कागदात लिहिले आहे, 'मोजणी करताना पाय घसरला. काठावर दोर व्यवस्थित गुंडाळलेला मिळाला.' तो दोर मी पाहिला. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा, हात आणि कोपराभोवती वेटोळे घालून गुंडाळला होता. मोजणीचा दोर असा कोणी गुंडाळत नाही. त्याला पीळ पडतो आणि पुढच्या वेळी तो खोटे माप सांगतो. आम्ही तो जमिनीवर आठच्या आकड्यात टाकतो. हे मी तिला शिकवले आणि तिने ते एकदाही मोडले नाही. शिवाय मोजणी करताना घसरली, तर दोर गुंडाळला कोणी?

चौकीतले साहेब हसले. म्हणाले, "आजोबा, दोरीच्या पिळावर केस उभी राहत नाही." मी म्हणालो, "साहेब, तुमच्या चौकीची हद्दसुद्धा दोरीवरच उभी आहे."

दोर अजून चौकीत आहे. परत मिळाला तर गावाला द्यावा. त्याचे वेटोळे कोणी सोडू नये.

चार. 'आमचा कोणावरही संशय नाही' असा एक छापील कागद सात वर्षे माझ्या सहीवाचून अडून आहे. बापाची सही नाही म्हणून फाइल मिटत नाही. पंचनाम्यावरही गावातल्या एकानेसुद्धा अंगठा दिला नाही. आता तर लसीची सूचना आली तरी लोक उभे राहून वाचतात आणि पोस्टमनला पत्र फोडून वाचून दाखवावे लागते. साहेब लोक म्हणतात गाव संशयी झाले. मी म्हणतो, गाव शहाणे झाले, आणि ते माझ्या मुलीने केले.

माझ्यानंतर तो कागद मुलाकडे जाईल. म्हणून अट अशी, की त्याने त्यावर सही केल्यास घर त्याचे न राहता शाळेचे होईल.

पाच. खाणमालकाला काही नाही. त्याने माझ्या मयतीलाही येऊ नये.

वाचन व दुरुस्ती. वरील मजकूर गावाच्या नियमाप्रमाणे ओसरीवर शाळेच्या बाईंनी उभ्याने वाचला. मुलगा कामावरून तसाच आला होता. कलम चार संपल्यावर तो बोलला. लेखनिकाने ते जसेच्या तसे लिहावे, असे मी सांगितले.

"आप्पा, ही अट कशाला?"

"तू खाणीवाल्यांना सहीचं 'बघतो' म्हणालास. माझ्या कानावर आलंय."

"म्हणालो. पोरं आहेत, नोकरी आहे, भीती वाटते. पण सही केली का मी? उद्या लोक म्हणतील, घर जाईल म्हणून सही केली नाही. अट खोडा. आणि मला साक्षीदारांत घ्या."

लेखनिक म्हणाला, "संशय आहे असं लिहिलेल्या कागदावर सही करतोयस. नोकरी जाईल. शिवाय ज्याच्या पदरात काही पडतं, त्याला साक्षीदार करत नाहीत."

"मग माझ्या पदरात काही टाकू नका."

दाराआडून सूनबाई म्हणाली, "माझ्या पदरात टाका. नाहीतरी घर मीच झाडते."

त्याप्रमाणे अट खोडली आहे, शेजारी माझी सही आहे. घर सूनबाईला. न केलेली सही मुलाला, बिनअट. मुलीचा अभिमान मी गावभर मिरवला. या मुलाचाही मला अभिमान आहे. तोंडावर कधी सांगितले नाही, म्हणून इथे लिहितो.

हे सर्व मला वाचून दाखवले, मला समजले, आणि मी डुलकी न घेता ऐकले.

ठिकाण: माझी ओसरी. मंगळवार, दिनांक अकरा, सकाळ.

सही: निवृत्त साखळीवाला.

साक्षीदार पहिला: शाळेच्या बाई. धंदा: शिक्षिका.

साक्षीदार दुसरा: शेजारी. धंदा: सुतार. (ओळंबा घेण्यास नकार, उद्या परत आणून देतो म्हणाला.)

साक्षीदार तिसरा: माझा मुलगा. धंद्याच्या जागी लेखनिकाने 'खाणीवर ट्रकचालक' असे लिहिले होते. ते त्याने खोडले आणि स्वतःच्या हाताने लिहिले: मोजणीबाईचा भाऊ.