खालच्या आळीची दोरी

चैत २५, सकाळ
डोंगर उतरून डुम्रेहून बस पकडली. भक्तपूरला पाहुणा म्हणून नाही, परत जातोय. आमचे पूर्वज तिथूनच बंदीपूरला आले. गाव रक्तात असलं की वाट विचारावी लागत नाही.
कामं दोन. बिस्का जत्रेत भैरवाचा रथ ओढायचा आणि केशरीच्या वडिलांना सुपाऱ्या द्यायच्या. त्यांनी घेतल्या की लग्न ठरलं. आईने चांदीच्या डबीत घालून दिल्यात. म्हणाली, यातली एक जरी तोंडात टाकलीस तर घरी येऊ नकोस. सुपारी आजपासून बंदच. केशरीच्या वडिलांना, हरिगोपाल सुवालांना, रंगलेले दात चालत नाहीत म्हणे.

संध्याकाळ
वाट चुकलो नाही. कुंभारांचा चौक तीनदा बघायचाच होता.
एक गाइड इंग्रजीतून मागे लागला. त्याला आमच्या नेवारी भाषेत झापलं. हसून म्हणाला, दादा, बोलणं डोंगराकडचं वाटतं. अडाणी माणूस.

चैत २६
केशरी भेटली. बंदीपूरला आमच्याच शाळेत शिकवते, जत्रेसाठी माहेरी आलीय. दह्याची दोन मडकी संपवली, एक तिचं. म्हणाली, उद्या बाबा दोरीवर तुझं मनगट बघणार, मगच सुपारीला हात लावणार. वरची आळी आणि खालची आळी रथ आपापल्याकडे ओढतात, आमची खालची, तेव्हा नीट ऐक, कुठे उभं राहायचं...
मी म्हणालो, मला माझं गाव शिकवू नकोस. म्हणाली, बरं बाबा, तूच शहाणा.
उद्या पहाटे जोर-बैठका.

चैत २७
जोर-बैठका राहिल्या. ताकद राखणं महत्त्वाचं.
रथाला दोन्हीकडून दोऱ्या. कुणाला विचारलं नाही. पाय आपोआप डावीकडे वळले. हेच ते रक्त.
जीव तोडून ओढलं. हरिगोपालजी समोरच्या दोरीवर दिसले. वय झालंय, गर्दीत बाजू चुकली असेल. मोठ्या मनाने गप्प राहिलो. ते हातवारे करून मला काहीतरी सांगत होते. कौतुकच असणार. मीही हात हलवला.
शेवटी रथ आमच्याकडे आला. पोरांनी खांद्यावर घेतलं. वरच्या आळीचा वाघ म्हणाले. आनंदात माणसं काहीही बोलतात.

चैत २८
सुपाऱ्या घेऊन गेलो. दार हरिगोपालजींनीच उघडलं. तळहात सोललेले.
म्हणाले, मनगट बघितलं, झकास आहे. यंदा कितीतरी वर्षांनी रथ आमच्या दारावरून जाणार होता, बायको पूजेचं ताट घेऊन उभी होती. आता या सुपाऱ्या वरच्या आळीत दे, तिथे तुला कुणीही मुलगी देईल.
दोरीवर पाटी लावायला काय होतं यांना?
केशरी खिडकीत होती. मला वाटलं हसेल. हसली नाही. फार वाईट वाटलं.

दुपार, बस
मुगलिनच्या थांब्यापर्यंत धीर धरला. मग डबी उघडली आणि एक सुपारी फोडून तोंडात टाकली. चांगली होती.