एकशेतीन नंबरचं एकमत

३ नोव्हेंबर
सुवॉन शहरभर थंडी. आमच्या १०३ नंबर इमारतीचा वॉचमन ग्वाक. त्याची रात्रपाळी काढून गेटला ऑटोमॅटिक बॅरियर लावायचा घाट आहे. त्याची बायको डायलिसिसवर. आज म्हणाला, सर, बैठकीत माझ्या बाजूने बोलाल ना? म्हटलं, निर्धास्त राहा. आयुष्यभर भूगोल शिकवला, शेजाऱ्यांना पटवणं काय अवघड!

५ नोव्हेंबर
रहिवाशांची पहिली बैठक. सगळे ग्वाकच्याच बाजूचे निघाले! अध्यक्षा मिन बाई म्हणाल्या, किती भला माणूस, पण जागरणाने त्याच्या गुडघ्यांचं काय? हा मुद्दा मला सुचलाच नव्हता. वयाने मी मोठा, म्हणून समारोप माझ्याकडे. गुडघ्यांवर बोललो. टाळ्या. रात्रपाळी बंद. दिवसपाळी वाचवली, हे माझं यश.

८ नोव्हेंबर
शेजारच्या १०४ वाल्यांनी बॅरियर लावलासुद्धा. आमच्याकडचा दातांचा डॉक्टर थाक सांगतो, ते आपल्याला हसतात, १०३ चं गेट अजून आजोबा उघडतात म्हणे. किमचीच्या लोणच्याचा कोबी खारवायला त्यांना आमचं अंगण लागतं, आणि वर हसतात! डोकं फिरलं.

१२ नोव्हेंबर
दुसरी बैठक. ग्वाकसाठी ठाम बोलायचं ठरवून गेलो. पण एकेक जण नवाच मुद्दा काढायला लागला. मशीनला सर्दी होत नाही. मशीन डुलक्या काढत नाही. सगळंच पटत गेलं. समारोपाला माझ्याच तोंडून निघालं, नुसता बॅरियर कशाला, चेहरा ओळखणारा दरवाजाही बसवू, १०४ कडे तो नाही! वॉचमनच नको. एकमताने मंजूर. माझा प्रभाव अफाट आहे.
घरी ही विचारते, अहो, तुम्ही ग्वाकची बाजू मांडायला गेला होतात ना? हिला बैठकीतलं वातावरण कळत नाही. जेवण गेलं नाही.

१५ नोव्हेंबर
निर्णय फिरवायचाच! मिन बाईंना एकट्यात गाठलं. त्या रडवेल्या झाल्या. म्हणाल्या, मला कुठे त्याला काढायचं होतं हो सर? तुम्हीच इतकं पटवून दिलंत. थाकही तेच म्हणाला. म्हटलं, मग पुन्हा बैठक घेऊ. तर दोघंही म्हणतात, एकमत झालंय, आता मोडायचं कोणी? माझ्याकडे बघत राहिले. मीही त्यांच्याकडे बघत राहिलो.

१८ नोव्हेंबर
ज्येष्ठ म्हणून ग्वाकला सांगायचं काम माझ्यावर आलं. तेही एकमताने. त्याने टोपी काढली, कमरेत वाकून नमस्कार केला. म्हणाला, बाकीच्यांचं सोडा सर, तुम्ही माझ्यासाठी भांडलात, मला ठाऊक आहे.
म्हटलं, भांडलो. पण एकटा पडलो.