झिप्रीची पेटी आणि मोहाडीचे घर

मी, सुमित्राबाई चंद्रभान सोनकुसरे, वय अडुसष्ट, धंदा विणकाम, राहणार मोहाडी, जिल्हा भंडारा, आज स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अकलेने आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. उद्या मला नागपूरला नेणार आहेत, परवा हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. त्यांचे काय जाते, झडप माझी आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला त्यांच्याकडून घेऊन सोबत जोडला आहे, कारण माझा पुतण्या कुंदन गावभर सांगत फिरतो की जी बाई कोळी पाळते तिचे डोके ठिकाणावर कसे असेल.

कुंदन लाखनीहून दुकान बंद करून संध्याकाळी येतो. तो यायच्या आत हे संपवायचे आहे. साक्षीदार येऊन बसले आहेत. सेवकरामभाऊंचा दुसरा चहा झाला आणि ते घड्याळाकडे पाहून राहिले. पाहोत. अक्षर वाकडे आले ते घाईने, भीतीने नाही. थोडे भीतीने आहे.

१. मला मूलबाळ नाही. माझे यजमान चंद्रभानजी वारले, त्याला बरीच वर्षे झाली. कुंदन हा माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. त्याचे आईबाप गेल्यावर त्याला आणि त्याची बायको मोनिका हिला मीच मागच्या दोन खोल्यांत राहायला बोलावले. तेव्हापासून सगळे धरून चालले की सुमित्राबाईंच्या मागे घर कुंदनचेच. मी कधी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. आज म्हणते.

२. हे घर वडिलोपार्जित नाही. आम्ही दोघांनी हातमागावर कोशाच्या रेशमी साड्या विणून जागा घेतली आणि चंद्रभानजींनी ती माझ्या नावाने केली. "माझ्या भावकीवर माझा भरोसा नाही," असे ते म्हणाले होते. घराची चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस सेवकरामभाऊंचे घर (त्यांच्या मोरीचे पाणी माझ्या भिंतीत मुरते, हे ते समोर बसलेले असतानाच लिहीत आहे), पश्चिमेस रस्ता, उत्तरेस माझ्याकडे विणकाम शिकलेल्या अंजूचे अंगण, दक्षिणेस आठवडी बाजाराकडे जाणारी बोळ. घर कोणाला, ते पाचव्या कलमात येईल. आधी ज्याच्यामुळे हे ठरले ते लिहिते.

(उठून पेटीचे झाकण पाहून आले. लागलेले आहे.)

३. मोठा हातमाग, त्याच्या फण्या आणि धोटे अंजूला द्यावे. तिच्या हाताला बसतात. यजमानांची सायकल ज्याला पाहिजे त्याने न्यावी, पण भंगारात घालू नये. मी स्वतः विणलेली, कधीच न नेसलेली पिवळी कोशाची साडी अपेक्षाला. ही अपेक्षा माझी भाडेकरू होती, तहसीलात नोकरीला. आता तिचे लग्न झाले, बदलीही झाली आहे. या मृत्युपत्राची व्यवस्था तिनेच पाहावी, आणि मूळ प्रत तिच्याकडेच राहील. कुंदनने कपाट उचकटायची तसदी घेऊ नये.

४. आता झिप्री.

झिप्री म्हणजे काचेच्या पेटीतली मोठी केसाळ कोळीण. जात परदेशातली, पण जन्म पुण्याचा. विकत घेतल्याचा कागद पेटीखाली ठेवला आहे. अपेक्षाने तिला आणले आणि तिच्या अंगावरच्या झिंज्या पाहून मी नाव ठेवले. पहिल्या दिवशी मी अपेक्षाची वरची खोली झाडायला गेले, तिला पाहिले आणि झाडू टाकून पळाले. खाली येऊन म्हटले, "अवं पोरी, हे काय आणलं तू घरात? चावली मंग?"

अपेक्षा म्हणाली, "काकू, ती उगाच चावत नाही. आधी खूप सांगते."

ते मला पुढे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मिळाले. झिप्री आधी तोंड फिरवून आत सरकते. तरी कोणी मागे लागले तर मागच्या पायांनी पाठीवरचे बारीक केस उडवते. ते हाताला लागले की दिवसभर खाज सुटते. तरीही ऐकले नाही तर पुढचे पाय वर करून उभी राहते, दात दाखवते, पाय जमिनीवर आपटते. एवढे होऊनही जो हात घालतो त्याला ती चावते. चावायला तिलाही नको असते. तिला एवढेच हवे असते की तुम्ही तिथून जावे.

अपेक्षाच्या सासरी ही चालणार नव्हती, म्हणून माझ्याकडे राहिली. मला आवडली. मलाही लोक आयुष्यभर चावरी म्हणत आले. विधवा बाईच्या दारात कोण कशाला येते हे ओळखून दोन शब्द आधीच फेकावे लागतात, एवढेच माझे चावरेपण.

माग चालला की झिप्री पेटीत अस्वस्थ व्हायची. तिला कान नाहीत, सारे जमिनीच्या थरथरीतून कळते. म्हणून मी पेटी मागाच्या खोलीतून काढून देवघराजवळ नेली आणि खाली गोधडीची घडी घातली. मोनिका अलगद चालते, तिच्या पावलाने झिप्री हलत नाही. कुंदन आपटत येतो. त्याच्या येण्याने झिप्री बिळात जाते. मोनिकाही स्वयंपाकघरात जाते. हे मी रोज पाहत होते आणि गप्प बसत होते, कारण मोनिकाने कधी हूं की चूं केले नाही.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नारबोदीच्या दिवशी, जे झाले ते लिहिणे भाग आहे. आमच्याकडे त्या सकाळी घरातली सारी रोगराई, इडापीडा नारबोदीच्या पुतळ्याबरोबर वेशीबाहेर हाकलतात. "घेऊन जा गे नारबोद" म्हणत लोक ओरडतात, फुटके सूप, जुने झाडू नेऊन टाकतात. मी आंघोळीला गेले होते. कुंदनने पेटी उचलली आणि मिरवणुकीत सामील झाला. "आमच्या घरची पीडा मी नेऊन राहिलो," असे म्हणे मोठ्याने सांगत होता. पुढे डफड्या, मागे पोरांचा कल्ला. त्या धडधडाटात झिप्रीचे काय झाले असेल? बिळात शिरायला जागा नाही, खालची जमीन हातावर डुलते आहे. तिने केस उडवले. पाय वर केले. अंजूने पाहिले, ती म्हणाली, "दादा, ठेव ते खाली, ते रागात दिसते." कुंदन म्हणाला, "माह्या घरची आहे, मी काय भेतो काय तिले?" आणि पेटी झटकूनही झिप्री निघेना म्हणून त्याने आत हात घातला.

चावली. चांगलीच चावली.

हात सुजला, दोन दिवस ठणकला. डॉक्टरांनी तपासले, धनुर्वाताची सुई दिली, दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, गांधीलमाशीसारखे समजा. पण गावात बातमी झाली की सुमित्राबाईच्या विषारी कोळिणीने पुतण्याचा जीव घेतला असता. मला कुंदनच्या हाताचे वाईट वाटले. मीच हळद लावली. पण किती वेळा सांगून चावली, ते कोणी विचारले नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. पेटी पडली, झिप्री रस्त्यावर आली. चार माणसे काठ्या घेऊन धावली. तेव्हा मोनिका, जिने लग्न होऊन आल्यापासून चारचौघांत मान वर केली नव्हती, ती मधे शिरली. हातातले फुटके सूप तिने झिप्रीवर पालथे घातले आणि सुपावर हात ठेवून बसली. "काहून मारता जी? तिनं तुमचं काय केलं? एक काठी उचलून पाहा." असे म्हणाली. मी ओल्या केसांनी धावत पोचले तोवर ती तिथून उठली नव्हती. झिप्रीला डब्यात घालून तिनेच घरी आणले.

घरी कुंदनने दुसऱ्या, चांगल्या हाताने तिला अंगणात मारले. मी मधे पडले, मलाही धक्का बसला. मोनिका पडली तिथून उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "मोठी आई, तुम्ही आत चाला." मला तेव्हा एवढा राग आला की छातीतच दुखले. तो राग अजून उतरला नाही, झडप बदलली तरी उतरेल असे वाटत नाही.

(पुन्हा उठून पाहून आले. सेवकरामभाऊ म्हणतात, "बाई, बसा ना एका जागी, तुमची तब्येत पाहा." मला बसवत नाही. झिप्रीने किती आठवडे झाले नाकतोडा खाल्ला नाही, पोट काळे पडले आहे. कुंदन म्हणतो, "म्हातारी झाली, मरते आता." मी नसताना तिला काय होईल, याच काळजीने जीव वरखाली होत आहे.)

५. कलम दोनमधील संपूर्ण घर, जमिनीसह, मी मोनिका कुंदन सोनकुसरे हिला एकटीला देत आहे. कुंदनला नाही. दोघांच्या नावानेही नाही. तिने ते विकू नये असे मी म्हणत नाही, पण तिच्या मर्जीशिवाय कोणी विकू नये. कुंदनने या घरात मोनिका राहू देईल तोपर्यंत राहावे. तो वाईटच आहे असे नाही, लहानपणी माझ्या मांडीवर निजलेला आहे. पण ज्याला पाय वर केलेले दिसत नाहीत, त्याच्या हाती घर देता येत नाही.

६. झिप्री मोनिकाला. मोनिका, बाई, तुझ्यासाठी थोडे लिहिते. पेटीत पाण्यासाठी ठेवलेले झाकण रोज भर. आठवड्याने एखादा नाकतोडा. कौतुकाने हातावर घ्यायची नाही, ती खेळणे नाही. आणि तिच्याकडून एवढे शीक की आधी सांगायचे. तोंड फिरवून सांगायचे, पाय आपटून सांगायचे, ओरडून सांगायचे. पण आपल्याला दात आहेत हे कधी विसरायचे नाही.

(आता मात्र धावतच गेले. झिप्री उताणी पडली आहे. आठही पाय वर.)

७. हे कलम आत्ता सुचले म्हणून घाईत लिहिते. मी मोनिकाला हाक मारली. ती पेटीपाशी बसली आणि म्हणाली, "मोठी आई, मेली का वं?" मी म्हटले, मेली नाही, कात टाकत आहे. अपेक्षाच्या वेळी मी एकदा पाहिले आहे. अशीच उताणी पडते, अंगावरची जुनी काया उसवते, त्यातून बाहेर येते आणि आधीपेक्षा मोठी होते. पण तोवर तिच्यात काडीचा जीव नसतो, दात मऊ असतात, साधा धक्का लागला तरी मरते. कोणालाही उचलू देऊ नको. फेकू देऊ नको. पेटी हलू देऊ नको.

मोनिकाने मान हलवली. कुंदनची गाडी बोळीत वाजते आहे. मोनिका उठून दारात गेली. मी इथून फक्त तिचा आवाज ऐकत आहे आणि ऐकू येते तसे लिहीत आहे:

"गाडी तिकडंच बंद करा. चपला काढा. आपटत येऊ नका, आत झिप्री निजली आहे. आन् हे पाहा, मी दारातून सरकून नाही राहिली."

कुंदन काय म्हणाला ते ऐकू आले नाही. त्याची गाडी बंद झाली.

यावर मी साक्षीदारांसमक्ष सही करत आहे.

(सही) सुमित्राबाई चंद्रभान सोनकुसरे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली आणि ज्यांनी मग स्वतःच्या सह्या केल्या:
१) सेवकराम निनावे, शेजारी (मोरीचे पाणी वळवून घेण्याचे तोंडी कबूल)
२) शकुंतलाबाई हेडाऊ, शेजारीण

स्थळ: मोहाडी, जि. भंडारा
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५