उत्तर येईपर्यंत

७ फेब्रुवारी, मंगळवार

नवी मुलगी आली. आधी दप्तर दारातून आत आलं, मग ती. एवढीशी पोर आणि पाठीवर तिच्याएवढंच ओझं. मनात तिचं नाव दप्तरच ठेवून टाकलं.

आमची शिकवणीची खोली म्हणजे प्लायवूडचा कप्पा. एक टेबल, दोन खुर्च्या, एक खिडकी. असे कप्पे ओळीने आहेत आणि प्रत्येकाच्या भिंतीवर एकच शब्द चिकटवलाय — थांबा. कंपनीच्या प्रशिक्षणात हेच घोटून घेतलं होतं. प्रश्न विचारायचा, आणि मूल बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. खूण नाही, हुंकारही नाही. शेजारच्या कप्प्यातले गणिताचे सर म्हणतात, "जगात एवढीच एक कंपनी असेल, जिथे शिकवणाऱ्याने गप्प बसायचं असतं."

आजचा उतारा होडीचा. म्हातारा, होडी, धुकं. विचारलं, होडी कुठे निघाली होती? आणि थांबले. छान शांतता होती, पाण्यावर असते तशी. समोरच्या गच्चीत चादरी वाळत होत्या. शिडासारख्या फुगायच्या, मग पडायच्या. बऱ्याच वेळाने दप्तर म्हणाली, "पलीकडच्या काठाला."

बरोबर.

९ फेब्रुवारी, गुरुवार

दीपगृहाचा उतारा. उत्तरं सगळी बरोबर, पण केवढ्या उशिरा. प्रश्न विचारला की ती हात मांडीवर ठेवते आणि समोर बघत राहते. मोडवत नाही ती शांतता. दिवा फिरत असतो, पाणी उजळतं, काळं होतं, पुन्हा उजळतं. मग कुठूनतरी तिचा बारीक आवाज येतो.

हा नियम ज्याने कुणी केला, त्याला मुलं कळत असणार.

१२ फेब्रुवारी, रविवार

आई भाजी निवडता निवडता काहीतरी सांगत होती. मध्येच म्हणाली, "तुझ्याशी बोलायचं तर आधी दार वाजवायला हवं."

ऐकतेय की, म्हटलं.

"मग सांग, मी आत्ता काय म्हणाले?"

"दूधवाल्याचं काहीतरी."

"दूधवाल्याचं सांगून झालं त्याला तास झाला. मावशीचं ऑपरेशन सांगत होते मी."

१६ फेब्रुवारी, गुरुवार

दप्तरची आई भेटायला आली. परिचारिका आहे. रात्रपाळी संपवून थेट इकडे, कपड्यांना औषधांचा वास. बसा म्हटलं तर बसेना. "बसले तर उठणार नाही मॅडम."

मुलीला नव्या शाळेत घालायचंय. त्या शाळेने आमच्या कंपनीचा अहवाल मागवलाय. पोरीची समज मंद असल्याचं त्यात आलं, तर तिला एक इयत्ता खाली बसवणार.

"खाली बसवलं तर ती काही बोलणार नाही," आई म्हणाली. "तिचा तोच तर प्रॉब्लेम आहे. काही बोलतच नाही. तुम्हाला काय वाटतं, मंद आहे का हो ती?"

मुळीच नाही, म्हटलं. फक्त वेळ लागतो.

आईने मान हलवली. तिचे डोळे उघडे होते, पण झोपेत असल्यासारखे. दोघी निघाल्या तेव्हा दप्तर आईचा हात धरून एक पाऊल मागे चालत होती.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

जंगलाचा उतारा. आज तर तास संपल्याची घंटा झाली, तरी आम्ही झाडीतच होतो.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

व्यवस्थापकबाईंनी बोलावलं. अहवाल पुढच्या महिन्याच्या सात तारखेला जायचा आहे. मी मसुदा दाखवला — समज उत्तम, मात्र प्रत्येक उत्तराला खूप वेळ लागतो.

"हे दुसरं वाक्य शाळेत कसं वाचतील, माहितीये ना?" बाई म्हणाल्या. "एका शब्दात वाचतील."

"पण खोटं कसं लिहू?"

"खोटं लिहू नका. पण पोरीला जरा हलवा की."

हलवू कशी? नियम तुमचाच. हे अर्थात बोलले नाही.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

मुद्दाम सोपे प्रश्न विचारले. मांजराचा रंग कोणता? काळा — हे चित्रातच होतं. तरी ती गप्प. मांजर भिंतीवरून चाललं होतं. मी तिला मनातल्या मनात विनवत होते, बोल गं, बोल. भिंतीपलीकडे बाग असेल. बागेत कुणी नसेल, नुसता झोपाळा हलत असेल.

"काळा," ती म्हणाली. केवढी दचकले मी.

२ मार्च, गुरुवार

ताप. गेले नाही. दिवसभर छत जवळ येत होतं, लांब जात होतं.

३ मार्च, शुक्रवार

काल माझा तास गणिताच्या सरांनी घेतला. आज जिन्यात भेटले.

"काय हो मॅडम, ती तुमची गोगलगाय!"

गोगलगाय म्हणू नका, म्हटलं.

"अहो, मीच मागे घेतो. कसली गोगलगाय? माझा प्रश्न पूर्ण होऊ देईना. फाडफाड उत्तरं. वर मलाच म्हणते, सर, तुम्ही पान चुकलात."

मी हसले. मग जिन्यातच उभी राहिले. सर वर गेले असावेत.

५ मार्च, रविवार

म्हणजे ती मला घाबरते. दुसरं काय असणार? मी तर कधी आवाजही चढवला नाही. आरशात तोंड बघून आले. रागीट दिसत नाही. थोडी पुसट दिसते.

आईला विचारलं, "माझी भीती वाटते का गं?"

"भीती वाटायला माणूस समोर असावं लागतं," आई म्हणाली आणि कुकर बघायला गेली.

७ मार्च, मंगळवार

अहवाल टेबलावर, सही करून तयार. उतारा काढलाच नाही. सरळ विचारलं, "तू माझ्याकडेच एवढी का थांबतेस? भीती वाटते?"

या वेळी मी तिच्याकडे नीट बघत होते. खिडकीकडे नाही. आणि तिने लगेच उत्तर दिलं.

"भीती नाही. मला उत्तर येतं. पण तुम्ही नसता ना. आई ड्यूटीवरून आली की अशीच बसते, डोळे उघडे ठेवून. तेव्हा बोलायचं नसतं, ती परत येईपर्यंत. म्हणून मी थांबते."

अहवाल तिच्यासमोरच फाडला. नवा कागद घेतला. लगेच उत्तर देते, एवढंच तर लिहायचं होतं. पण चादरी, धुकं, तो झोपाळा — तिने किती वेळा मला तिथून परत येऊ दिलं होतं.

मान वर केली तेव्हा ती तशीच बसली होती, हात मांडीवर ठेवून.

"आलात?" म्हणाली.