येत्या एक तारखेपासून

सोमवार, ११ मार्च

पाळणाघराच्या दारावर कागद! लेक सकाळी ठकीला सोडायला दुसऱ्या मजल्यावर गेली आणि तशीच खाली माझ्याकडे टायपिंगमध्ये आली. नात कडेवर, चेहरा पांढराफटक. मी स्वतः जाऊन वाचला.

'परिपत्रक. कार्यालयातील पाळणाघर येत्या एक तारखेपासून बंद करण्यात येत आहे. सर्वांनी नोंद घ्यावी व कुरकुर करू नये.'

कुरकुर करू नये! कोण हा उद्धट माणूस? पस्तीस वर्षं या ऑफिसात टाइप करतेय, पण असली भाषा कधी पाहिली नाही.

लेक तिसऱ्या मजल्यावर नकाशे काढते. जावई परगावी नोकरीला. ठकी दोन वर्षांची. पाळणाघर गेलं की लेकीची नोकरी गेली. इतकं सरळ आहे.

हेडक्लार्कला गाठलं. "वरून आलंय." वरून म्हणजे कुठून? "वरून म्हणजे वरून, बाई!" — आणि छताकडे बोट. छताला पंखा होता.

संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, हे तर तुझंच वाक्य. मुकाट्याने जेव, कुरकुर नको!" दिवसभरात तेवढंच हसलो.

मंगळवार, १२ मार्च

ठरवलं. हे 'वर' म्हणजे नक्की कुठे ते शोधून काढायचं! जन्मभर 'वरून आलेल्या आदेशानुसार' टाइप केलं, त्या आदेशवाल्याचं तोंड एकदाही पाहिलं नाही. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. माझं कोण काय वाकडं करणार?

पाचवा मजला. तिथले साहेब खुर्चीतल्या खुर्चीत आक्रसले. "मला कशाला विचारता? मी फक्त पुढे पाठवलं." कुठून आलं होतं? बोट वर! सातवा मजला. तिथल्या मॅडम कायम नाकाने कांदे सोलतात. "धोरणात्मक निर्णय आहे," म्हणाल्या. कुणाचं धोरण? पुन्हा बोट वर!

गुडघे बोलायला लागलेत. पण काय मजा येतेय! लिहायला लाज वाटते. लेकीच्या पोटापाण्याचा प्रश्न, आणि मी शाळकरी पोरीसारखी जिने चढतेय. जग चालवतो कोण, ते आता मला कळणार!

बुधवार, १३ मार्च

नववा मजला. बडे साहेब मीटिंगमध्ये. दिवसभर बाकावर बसून आले.

गुरुवार, १४ मार्च

भेटले! ज्यांच्या नावापुढे हजारदा 'माननीय' टाइप केलं, ते बडे साहेब. चणीने लहान, सर्दी झालेली, हातात रुमाल. दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले, "खरं सांगू बाई? मला वाटलं, तुम्हालाच काही माहीत असेल!"

कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. लाल अक्षरं — 'आदेशाची अंमलबजावणी प्रलंबित: अकरा वर्षे.' "अकरा वर्षं! माझ्या आधीच्या दोघांनी दाबून ठेवलं असणार. मी कशाला अडकू?" पण आदेश काढला कुणी? आणि या माणसानेसुद्धा बोट वर केलं! साहेब, वर गच्ची आहे! पाण्याची टाकी आहे!

निघताना एवढं कळलं की जुने कागद तळघरातून कॉम्प्युटरवर चढवतात. म्हणजे वरची वाट खालून जाते. झोप येणार नाही आज.

शुक्रवार, १५ मार्च

नीट लिहिते.

तळघरात जुनं दफ्तर सांभाळणारे भाऊ असतात. एकवीस वर्षं एका ट्यूबलाइटखाली. इतक्या वर्षांत मी एकदाही खाली गेले नव्हते. त्यांनी बसायला फायलींचा गठ्ठा दिला, फडक्याने पुसून. म्हणाले, "नऊला उतरतो, सहाला वर येतो. पाळणाघरात एकदा पाळणा दुरुस्त करायला गेलो होतो. काय ऊन येतं हो तिथे!"

नवीन कॉम्प्युटर आल्यापासून ते जुना एकेक कागद मशीनवर ठेवतात. डोक्यावर 'परिपत्रक' असेल आणि 'काम झालं' अशी नोंद नसेल, तर कॉम्प्युटर आपला आपण सगळ्या साहेबांना स्मरणपत्रं धाडतो. "तुम्ही वाचत नाही का?" "मी कोण वाचणारा, बाई? कागद आला की चढवतो."

मूळ कागद मागितला. त्यांनी अख्खी फाईलच काढली. तिच्यावर अकरा वर्षांपूर्वीचं साल आणि शाईने, वळणदार अक्षरात — 'नवीन मुलींच्या सरावासाठी. नमुना क्र. १ ते १२.'

अक्षर माझं.

दे माय धरणी ठाय! काखेत कळसा आणि मी नऊ मजले वळसा घातला! आता सगळं आठवतंय. टायपिंगला नवीन मुली आल्या होत्या, त्यांना सरावाला कागद हवे होते. तेव्हा पाळणाघर नुकतंच सुरू झालेलं, आमच्या डोक्यावर दिवसभर धपधप आणि भोकाड. माझी लेक मोठी झाली होती, मला काय त्याचं! चिडून नमुना क्रमांक एक लिहिला. नमुनाच तो, म्हणून महिना घातला नाही, नुसतं 'येत्या एक तारखेपासून'. आणि एक तारीख काय, दर महिन्याला येतेच!

म्हणजे वर कुणीच नाही. वर मी आहे!

शनिवार, १६ मार्च

लेकीला सांगितलं. आधी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग म्हणाली, "आई, मी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय." ठकी पर्स उघडायला बघत होती. मी पर्स वर ठेवली.

मेलं माझं ते हसणं आणि जिने चढणं.

सोमवार, १८ मार्च

नवव्या मजल्यावर जाऊन कबूल केलं. साहेब, तो आदेश नव्हे, नमुना आहे, मीच लिहिलाय, रद्द करा! त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. "तुमची तळमळ समजते. पण रद्द करायचा तर जिथून आला तिथूनच यायला हवं." अहो, माझ्याकडूनच आला! "बाई, तुम्ही टायपिस्ट आहात," हे इतक्या मायेने म्हणाले की पाणी पिऊन मुकाट परत आले.

जिन्यात सुचलं. जिथून आला तिथूनच ना? बरं!

मंगळवार, १९ मार्च

नमुना क्रमांक तेरा!

माझा जुना टाइपरायटर तळघरातच धूळ खात पडलाय. भाऊंनी पुसून दिला, फीत बसवली. मी खडखडखड टाइप केलं: 'परिपत्रक. पाळणाघर बंद करण्याचा आदेश रद्द. येत्या एक तारखेपासून ते नेहमीप्रमाणे सुरू राहील. सर्वांनी नोंद घ्यावी व कुरकुर करू नये.' भाऊंनी चढवलं. सही? पहिल्यावरही नव्हती, कुणी विचारली का?

भाऊ टक लावून बघत होते. "एवढंच करायचं असतं?" म्हणाले. एवढंच! मग जरा घुटमळत, "बाई, एक माझ्यासाठी टाइप कराल? खिडकीची खोली. एकच खिडकी, जास्त काही नाही."

मी हवेत होते. म्हटलं, "दमानं घ्या भाऊ. कुरकुर नको!" ते हसले. माझा कागद आठवण म्हणून ठेवू का, असं विचारलं. म्हटलं, ठेवा की!

बुधवार, २० मार्च

झालं!! हेडक्लार्क स्वतः स्टूल घेऊन आला, जुना कागद काढला, नवा लावला. "वरून आलंय," मला समजावून सांगितलं त्याने. मी गंभीर चेहऱ्याने "अस्सं?" म्हटलं आणि स्वच्छतागृहात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले.

लेकीच्या मैत्रिणी म्हणाल्या, वर कुणीतरी देवमाणूस आहे. लेकीने माझ्याकडे बघितलंही नाही, नाहीतर दोघी फुटलो असतो.

डोकं थांबतच नाही. सातव्या मजल्यावरच्या मॅडमनी आठवडाभर जिनाच वापरावा. पाचव्याच्या साहेबांनी रोज एका प्रश्नाला सरळ उत्तर द्यावं. टायपिंगमध्ये पाठ टेकतील अशा खुर्च्या याव्यात. लोक राजे म्हणतात, सेनापती म्हणतात, देव म्हणतात. छे! जग चालतं ते बिनसहीच्या कागदावर. आणि तो कागद मला टाइप करता येतो!

गुरुवार, २१ मार्च

लेकीने राजीनामा फाडला. ठकीने तुकडे घरभर केले. कुणी रागावलं नाही.

भाऊंच्या खिडकीचं बघायला हवं. पुढच्या आठवड्यात.

मंगळवार, २६ मार्च

पाळणाघराच्या दारावर कागद.

'परिपत्रक. तळघरातील दफ्तर येत्या एक तारखेपासून दुसऱ्या मजल्यावर पाळणाघराच्या खोलीत हलवण्यात येत आहे. पाळणाघर तळघरात न्यावे. सर्वांनी नोंद घ्यावी व कुरकुर करू नये.'

दोन बोटांनी टाइप केलेलं. हात अगदीच कच्चा. मी सोडून कुणाच्या लक्षातही आलं नाही. हेडक्लार्कने पाळणे मोजायलाही घेतलेत.

नवव्या मजल्यावर जाण्यात आता अर्थ नाही. हाताने अर्ज लिहिलाय, 'माननीय भाऊ' असा. तो घेऊन खाली जातेय.