घाटातली रास

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून जळगावात, मेहरूणच्या ऑफिसात. खिडकीतून तलाव दिसतो, पंखा बरोबर माझ्या डोक्यावर. सुरत सोडली, शिरपूरचा फोटो स्टुडिओ सोडला, इथं तरी टिकेन असं मायला फोनवर सांगितलं. म्हणाली, हे तिसऱ्यांदा ऐकतेय. सातवी नापास माणसाला कॉम्प्युटरवर बसवलं ते लग्नाच्या फोटोतले डाग चांगले पुसतो म्हणून.

काम ऑफिसातल्या जितेंद्रभाऊंनी समजावलं. ड्रोनने मोजलेली जमीन सॉफ्टवेअरमध्ये असते. तिथून उंची एक्स्पोर्ट केली की काळापांढरा फोटो मिळतो. उंच ते पांढरं, खोल ते काळं. झाडंझुडपं ठिपक्यांसारखी दिसतात. ती ब्रशने पुसायची, नुसती जमीन ठेवायची, फोटो परत सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा. कुठंतरी पाझर तलाव व्हायचाय, त्यासाठी.

५ फेब्रुवारी
आजचा तुकडा आमच्याच गावाचा निघाला! सातपुड्याचा पायथा, नाला, आमचं घर तांदळाच्या दाण्याएवढं. मजा वाटली. घाटाच्या वळणावर पांढरा ठिपका होता, पुसला. हाताला सवयच आहे.

६ फेब्रुवारी
मायचा फोन. घाटाच्या वळणावरची दगडांची रास नाहीशी झाली. माझे वडील, बापू, तिथं ट्रॅक्टरखाली गेले होते. आमच्याकडे जाणारा-येणारा अशा जागी एक दगड ठेवतो, म्हणजे गेलेला माणूस तिथंच निजून राहतो. बारा वर्षांची रास, छातीएवढी. आता एक दगड नाही, माय म्हणाली, जमीन सारवल्यासारखी.
काल मी पुसलेला ठिपका तोच होता.

७ फेब्रुवारी
तुकडा पुन्हा एक्स्पोर्ट केला. ठिपका आहे, पण वळणावर नाही. खाली, नाल्याजवळ. मोजणी दिवाळीतली, मग ठिपका चालतो कसा? जितेंद्रभाऊ म्हणाले, ड्रोनची चूक असेल, पूस आणि पुढचं घे. उंची बघितली, एक मीटर सत्तर. बापू तेवढेच होते. मायही तेवढीच, लग्नात लोक हसले होते म्हणे.
पुसला.

८ फेब्रुवारी
शेजारचे भटूनाना फोनवर. नाल्याजवळचा त्यांचा गोठा पडला नाही, नाहीसाच झालाय. बैल आत बांधलेले होते. नाना मलाच विचारत होते, तू शहरात असतोस, असं कुठं होतं का.

१० फेब्रुवारी
ठिपका गल्लीत आलाय. आता पुसायचा नाही. पुसला तर शेजारचं सगळं— ब्रश केवढा, घर केवढं.
मायला म्हटलं, मामाकडे जा. म्हणाली, शेळी कालच व्यालीय, कशी जाऊ.

११ फेब्रुवारी, दुपार
अंगणात.
पुसता येतं तर ठेवताही येईल. पांढरा ब्रश, एक टिचकी एक दगड. वळणावर रास होती तशी केली. ठिपका अंगणातच. तो आता वळणावर नाहीच ना. दगड त्याच्या अंगावरच ठेवायला हवेत, उभा आहे तिथं.

मायला फोन लावला, म्हटलं दार लावून घे. ती हळू बोलली, आनंदात.
"रोहिदास, तुना बाप दारमा उभा शे. पानी दी येस."
पाणी द्यायला जाऊ नको म्हणेपर्यंत फोन ठेवलेला.

एक्स्पोर्ट. दोन ठिपके. सारखेच पांढरे. एक मीटर सत्तर, एक मीटर सत्तर.
फोटोत उंची येते, माणूस येत नाही.

परत एक्स्पोर्ट. अंतर कमी झालं. परत. अजून कमी. मायचा फोन नुसता वाजतोय, उचलत नाही.

ठेवतो दगड. डावीकडच्या— नाही, माय चुलीकडून येते, म्हणजे उजवी माय— पण वरून बघितलं तर चूल कुठल्या अंगा— एकमेकांना चिकटले— ब्रश टेकवलाय, माय, जरा मागे स