बाजरीच्या कोठीतली सात पाकिटं

सोनई,
सोमवार, दुपार

सौ. सत्यशीला विहीणबाई यांना झुंबरबाईचा मनापासून नमस्कार. व्याहीबुवांनाही सांगावा.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तिकडेही खुशाली असावी असं लिहायची रीत आहे, पण गेले बावीस दिवस आमची स्नेहल तुमच्याकडे भिंगारला आहे, म्हणजे खुशाली सगळी तिकडेच गेलेली. इकडे नुसता शब्द उरलाय. तुमचे गुडघे कसे आहेत? स्नेहल जाताना म्हणाली, आईचे गुडघे दुखतात, चार दिवस जाऊन येते. खरंच दुखत असतील तर एरंडेल कोमट करून चोळा. दुखत नसतील तर घरातून निघायला तिनं तुमचे गुडघे पुढे केले, त्याबद्दल तिला बोलू नका. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणता आणि त्या 'हं'चा अर्थ लावण्यात माझं पुढचं बोलायचं राहून जातं. शिवाय बचत गटाची अध्यक्ष म्हणून नऊ वर्षं मीटिंगचं इतिवृत्त लिहिल्यामुळे मला कागदावर खरं लिहायची थोडी सवय आहे. (तोंडानं खरं बोलायची किती आहे, ते पुढे येईलच.)

स्नेहलनं तुम्हाला काही सांगितलं नसणार. ती सांगणाऱ्यातली नाही. म्हणून मीच मुळापासून सांगते. संक्रांतीच्या आधी घराची आवराआवर काढली, तेव्हा तिच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली मला नूडल्सची सात पाकिटं सापडली. (तिच्या कपाटात माझं काय काम होतं, हे कृपा करून विचारू नका.) दुकानात माळेसारखी लटकवलेली असतात ना, ती स्वस्तातली, लहान पोरांनी दप्तरात लपवावीत अशी. आता तुम्हाला ठाऊक आहे, आमचा गट बाजरी-नाचणीचे लाडू करतो आणि मैदा म्हणजे पोटातलं सिमेंट, असं मी तालुकाभर भाषणात सांगत फिरते. त्याच दिवशी नणंद चांगुणा आलेली, शेजारच्या दोघी बसलेल्या. मी चष्मा लावला आणि पाकिटामागचं सगळं, अडखळत, मीठ किती नि तेल कसलं, मोठ्यानं वाचून दाखवलं. स्नेहल चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. माझं वाचन संपेपर्यंत थांबली आणि एवढंच म्हणाली, "घ्या आई, चहा गार होतोय." सगळ्या हसल्या. मीही हसले. ते हसणं आता आठवलं की मला चहा जात नाही.

पाकिटं मी जप्त केली. उकिरड्यावर टाकावीत, तर अन्न टाकवेना. म्हशीला घालावीत, तर म्हशीनं काय पाप केलंय? म्हणून बाजरीच्या कोठीत खोल खुपसून ठेवली.

मग फाल्गुनात कांदा काढायला आला. हे आणि आमचा कल्याण दिवसभर रानात. स्नेहल बालवाडीत शिकवायला. एके दिवशी दुपारी मी मजुरांच्या भाकरी देऊन घरी आले तर टोपल्यात भाकरी नाही, कालवण खरवडलेलं. कांद्याच्या दिवसांत असं होतंच, त्यात नवल नाही. दळणाला बाजरी काढायला कोठीत हात घातला आणि पाकीट हाताला लागलं. दोन मिनिटांत तयार, असं त्यावर लिहिलंय. मला वीस लागली, कारण तांदळासारखी मी ती आधी तीन पाण्यांनी धुतली. मग शिजवली. मसाला सगळा टाकला. वाटीत घेऊन ओट्यापाशी उभी राहून पहिला घास घेतला आणि विहीणबाई, मी खाली बसले. खारट, तिखट, चमचमीत, जिभेला झोंबणारं. त्यात चांगलं असं काहीही नव्हतं आणि मला ते फार आवडलं.

नंतर भांडं घासताना विचार करत राहिले. चव तर आवडलीच, खोटं कशाला बोलू. पण लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, या घरात मी किती भाकरी थापल्या त्याची गणती नाही. तव्यावरची गरम भाकरी मात्र माझ्या ताटात कधी आली, आठवत नाही. कुणी छळ केला असं नाही. हे भले आहेत, सासूही भली होती. आधी सगळ्यांना वाढायचं, मग उरलेलं आपण घ्यायचं, तेही पोटभरच असायचं. पण एकट्या आपल्याला भूक लागली म्हणून बाईनं चूल पेटवायची, असं आमच्यात कुणी केलेलं मी पाहिलं नाही. आईला पाहिलं नाही, मीही केलं नाही. आणि त्या पाकिटावर लिहिलेलं होतं, एका माणसासाठी. मी ते दोनदा वाचलं.

मग आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग खोटं कशाला, कांदा संपेपर्यंत एक दिवसाआड. घरात कुणी नसलं की कोठी उघडायची. (रिकामं पाकीट मी चुलीत जाळत होते. त्याचा वास घालवायला वर ऊद. हे म्हणायचे, "आजकाल लई देवधर्म चाललाय गं तुझा.") आणि नवल असं की, सात पाकिटं खाऊनही कोठीत सातच. मला वाटलं, मोजण्यात चुकले. पुढे वाटलं, द्रौपदीच्या थाळीसारखं काही असेल. मग एक दिवस बारकाईनं पाहिलं, तर पहिली पाकिटं पिवळी होती आणि ही लाल.

दुसऱ्या दिवशी दुपारी आले तर ओट्यावर दोन वाट्या मांडलेल्या. स्नेहल कांदा चिरत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आई, आज मी करते. तुम्ही ते धुता ना, म्हणून लगदा होतो."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण धरणीनं घेतलं नाही आणि वास तर सुटलेला. आम्ही दोघी जमिनीवर बसून खाल्लं. मी विचारलं, "तुला राग न्हाई आला, मी चारचौघीत वाचलं तेव्हा?" ती म्हणाली, "आला की. पण तुम्ही खाता हे कळलं तेव्हा गेला." मग तिनं तुमचं सांगितलं. तुम्ही शिलाईच्या कामावरून दमून यायच्या, स्वयंपाकाला वेळ असायचा, म्हणून तुम्ही म्हणायच्या, करू का गं पटकन? आणि दोघी एकाच भांड्यातून खायच्या. इथं ते खाल्लं की तिला भिंगार आठवतं, म्हणाली. मी तिच्या माहेरचं पाकीट वाचून दाखवलं होतं, विहीणबाई, हे मला तेव्हा कळलं.

इथवर पत्र संपलं असतं तर किती बरं होतं. पण गेल्या महिन्यात आमच्या गटानं ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये आहाराचा कार्यक्रम घेतला. शंभरेक बाया. मी माईक घेऊन पाकीटबंद खाण्यावर बोलत होते आणि बोलता बोलता डोळ्यांपुढं अंधारी आली. तपासणीला आलेल्या सिस्टरनं तिथंच बीपीचा पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे ऐंशी. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "आजी, मीठ कमी करायला सांगितलं होतं ना? काय खाताय?" माईक अजून माझ्या हातात, चालू. मी म्हणाले, "भाकरी, मेथीची भाजी." सिस्टर म्हणाली, "मग एवढं कसं वाढलं?" तेव्हा मागच्या रांगेतून स्नेहल उठली आणि म्हणाली, "भाजीत मीठ माझ्याकडून जास्त पडतं."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. माझ्या हातात माईक होता आणि मी बोलले नाही. त्या संध्याकाळी कल्याण तिला चांगुणाच्या देखत म्हणाला, "आईला मारायचं ठरवलंय का तू?" मी तिथंच लसूण सोलत बसले होते. तेव्हाही बोलले नाही. सकाळी तिनं पिशवी भरली आणि तुमच्या गुडघ्यांचं नाव सांगितलं.

सतरा दिवस मी गिळत राहिले. अठराव्या दिवशी जेवताना दोघांना सगळं सांगून टाकलं. आणि विहीणबाई, कुणी विश्वासच ठेवला नाही! हे कल्याणला म्हणाले, "बघ, सुनंवरचा आळ तुझ्या आयनं कसा सोत्तावर घेतला. अशी सासू मिळायला नशीब लागतं." चांगुणानं ते गल्लीभर केलं. गटातल्या बाया सांगून गेल्या की आदर्श सासू म्हणून शाल देणार. मी खरं बोलत होते आणि माझा मोठेपणा वाढत होता. खोटं बोलले तेव्हा इतका त्रास झाला नव्हता.

शेवटी परवा भर दुपारी दोघांना स्वयंपाकघरात बसवलं. कोठीतून पाकीट काढलं, दातानं फोडलं, पाणी न मोजता ठेवलं, मसाल्याच्या पुडीचा कोपरा नखानं बरोबर उडवला. कल्याण माझ्या हातांकडं बघत होता. इतक्या सराईत हातांना खोटं म्हणता येत नाही. तो उठला, अंगणात गेला. तिथूनच त्यानं स्नेहलला फोन लावला. तिनं उचलला नाही. बरं केलं. ह्यांनी मात्र वाटी पुढं ओढून एक घास घेतला आणि म्हणाले, "लई खारट हाय." मग दुसरा घेतला.

गटातही सांगितलं. शाल रद्द झाली. चौदापैकी अकरा जणी म्हणाल्या, "अध्यक्षबाई, आमच्याकडंबी डब्यात हायेत." आता लाडवाच्या भाषणात काय बोलायचं, तो विचार चालू आहे. मैदा वाईटच आहे, मीठही जास्तच आहे, ते मी अजूनही सांगणार. पण कुणाच्या कपाटातून काढून सांगणार नाही. डॉक्टरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, महिन्यातून एखाद वेळ, मसाला अर्धा, तर चालेल. गोळी वाढवली आहे. काळजी नसावी.

व्याहीबुवांची तब्येत सांभाळा. गुडघ्यांना तेल.

तुमची,
झुंबरबाई

ता. क. : डॉक्टर 'चालेल' म्हणाले असं वर लिहिलंय. ते 'नाही' म्हणाले. महिना आणि अर्धा मसाला मी ठरवला.

आणखी ता. क. : पत्राचं खरं कारण आता लिहिते. गुरुवारी सकाळच्या एसटीनं मी भिंगारला येते आहे. न्यायला नाही, परत कधी यायचं ते स्नेहल ठरवील, आणि कल्याणला यायचं तर तो त्याचा वेगळा येईल. मी माफी मागायला येते. विहीण आली म्हणून पुरणाचा घाट घालू नका, ओटी-साडी काही नको. एकच करा. मी बोलायला लागले की तुम्ही मायलेकी भल्या, मध्येच 'जाऊ द्या हो' म्हणाल, आणि मी लगेच सुटेन. सुटायची मला सवय झालीये. तेवढं म्हणू नका. मला शेवटपर्यंत बोलू द्या.

शेवटचं ता. क. : आमचे हे पण येतो म्हणतात. व्याहीबुवांना भेटून लई दिवस झाले, म्हणे. सकाळपासून दोनदा माझ्या पिशवीत डोकावून गेलेत. म्हणून पाकिटं पाच आणते. माझ्या वाटणीचा मसाला स्नेहलनं टाकावा. अर्ध्यावर माझा हात थांबत नाही.